पाच क्विंटल सोयाबीनचा कॉम्प्युटर

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात आठवीच्या पुढचं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी चहा घेता घेता वाचली तरी चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शोधत बसायला नको.

एक, घरातला कॉम्प्युटर ही आता चैन राहिलेली नाही. शिकणाऱ्या लेकराच्या घरात तो वही-पुस्तकाच्या रांगेत बसतो. दोन, तो पन्नास हजारांचा असावा लागत नाही. जुन्यातलं चांगलं ठेवून, मोजके सुटे भाग आणून पंचवीस-सव्वीस हजारांत आठ-दहा वर्षं चालेल असा होतो. तीन, ज्या घराला तेवढेही झेपत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात मशीन पडून आहेत. सरकारी आणि बँकांच्या कपाटांमागं धूळ खात आहेत. ती लेकरांपर्यंत पोचत नाहीत, आणि हा पैशाचा प्रश्न नसून मनावर न घेण्याचा आहे.

आता एकेक मुद्दा घेऊ.

▪️ मोबाईलवर सगळं होतंय की!

हे वाक्य मी गेल्या सहा महिन्यांत इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. आमच्या गल्लीतले एक काका म्हणाले, "अरे, बँक मोबाईलवर, सातबारा मोबाईलवर, पीक पाहणी मोबाईलवर. कशाला घालतोस पैसे त्या डबड्यात?"

काका, बघायचं काम मोबाईलवर होतं. बनवायचं काम होत नाही. बारावीच्या पोरीला वीस पानांचा प्रकल्प मोबाईलवर टाईप करायला लावा, मग कळतं. शिष्यवृत्तीच्या अर्जात फोटो ठरावीक केबीतच पाहिजे, दाखला पीडीएफमध्ये पाहिजे, चार कागद एका फाईलमध्ये पाहिजेत. हे मोबाईलवर करताना माणूस घामाघूम होतो आणि शेवटी सेवा केंद्रावर जातोच. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाला. आधी तो मुंबई-पुणे-नागपूरसारख्या मोठ्या शहरांपुरता होता. आता लोहाऱ्याच्या आणि वाशीच्या पोरालाही कॉलेजांची पसंती ऑनलाइनच भरावी लागते. पसंतीक्रम भरायचा म्हणजे कॉलेजांची यादी, मागच्या वर्षीचा कटऑफ आणि अर्ज अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी उघडून बघाव्या लागतात. सहा इंची पडद्यावर ते होत नाही. मग सेवा केंद्रावरचा पोरगा जे भरेल ते खरं. लेकराच्या पुढच्या दोन वर्षांचा निर्णय घाईत, दुसऱ्याच्या हातानं, मागं पंधरा जणांची रांग उभी असताना होतो.

याहून मोठी गोष्ट परीक्षेची आहे. एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. जेईई मेन कॉम्प्युटरवर. २०२३ ची तलाठी भरती कॉम्प्युटरवर झाली, त्याच वर्षीची जिल्हा परिषदेची भरतीही कॉम्प्युटरवरच झाली. सरकारी नोकरीला एमएस-सीआयटी लागतं, लिपिकाला टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते टायपिंगही आता टाईपरायटरवरचं नाही, कॉम्प्युटरवरचं आहे.

आता सांगा, ज्या पोरानं दोन वर्षं कंदिलासारखं जळून अभ्यास केला, पण माऊस पहिल्यांदा हातात धरला तो परीक्षा केंद्रावर, त्याचं काय? प्रश्न सोडवता येतो, पण पुढच्या पानावर जायचं कसं, खूण केलेला प्रश्न परत शोधायचा कसा, चुकून दाबलेलं उत्तर काढायचं कसं, यात त्याची मिनिटं जातात. पुण्याच्या पोराची ती मिनिटं जात नाहीत. अभ्यास सारखा, बुद्धी सारखी, आणि निकाल वेगळा. एकेका मार्कावर शेकडो पोरं बसलेली असतात अशा परीक्षांत ही मिनिटं लहान नाहीत.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. शहरी घरांत २३.४ टक्के. त्यानंतर दोनच वर्षांत, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा देश म्हणाला, आता शिक्षण ऑनलाइन. शंभरातल्या पंचाण्णव गावाकडच्या घरांना ते बोलणं लागूच नव्हतं. कोरोना गेला, शाळा उघडल्या, आणि आपण तो आकडा विसरलो.

▪️ मग कॉम्प्युटर घ्यायचा तर केवढ्याचा?

दुकानात गेलं की पहिल्यांदा दाखवतात तो चकचकीत लॅपटॉप किंवा सगळं एकातच असलेला पडदेवाला कॉम्प्युटर. चाळीस-पन्नास हजार. "हप्त्यावर करून देतो ना सर." आमच्याकडंही हीच चर्चा झाली. घरातला कॉम्प्युटर २०१२ चा. दोन जीबी रॅम, विंडोज ७, चालू केला की चहा करून प्यायचा, तोवर उघडतो. मुलगी बारावीला. बदलायला पाहिजे हे पक्कं होतं.

त्यात विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे नवे अपडेट बंद. घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढ आहे, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ ला टीपीएम २.० पाहिजे आणि प्रोसेसर साधारण २०१७-१८ च्या पुढचा पाहिजे. म्हणजे जगभरात कोट्यवधी कॉम्प्युटर असे आहेत की ज्यांचं यंत्र चांगलं चालतंय, पण कागदोपत्री ते म्हातारे झाले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आम्ही बसून हिशोब केला. जुन्यातलं काय चालतंय ते आधी बघितलं. मॉनिटर साडेअठरा इंची, ठणठणीत. कॅबिनेट, म्हणजे तो लोखंडी डबा, त्याला काय होणार? यूपीएस चांगला, फक्त बॅटरी मेलेली. पाचशे जीबीची जुनी हार्ड डिस्क हळू होती, पण जिवंत. ती फोटो आणि जुन्या फायलींसाठी दुसरी डिस्क म्हणून ठेवली. बदलायचं ते एवढंच, हे आमचं बिल:

प्रोसेसर, आय-३ बाराव्या पिढीचा, ग्राफिक्स आतच असलेला – ९,६००
मदरबोर्ड, एच-६१० – ५,८००
रॅम ८ जीबी – ३,२००
एसएसडी ५०० जीबी – ३,३००
एसएमपीएस – २,२००
यूपीएसची बॅटरी – ९५०
कीबोर्ड आणि माऊस – ७५०
एकूण – २५,८००

हे दिवाळीनंतर लगेचचे भाव आहेत, आज विचारून घ्या. प्रोसेसर आणि बोर्ड सोलापूरहून आणला, बाकी सगळं धाराशिवातच मिळालं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता. हमीभावानंच धरलं तर हा कॉम्प्युटर झाला पावणेपाच-पाच क्विंटल सोयाबीनचा. बाजारात जो भाव मिळाला त्यानं धरलं तर आणखी एखादं पोतं वाढवा.

ज्यांना स्वतः करायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी, पुढं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो.

पहिली, ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर घ्या. अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, थोडंफार कोडिंग, सगळं त्यावर होतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचतात. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. दोनशे-पाचशे स्वस्त मिळतो म्हणून तो उचलू नका, पडदा काळाच राहील.

दुसरी, जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर बोर्डाला व्हीजीए पोर्ट आहे का बघा. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना तो अजून असतो. यानं आमचा मॉनिटर वाचला, म्हणजे सहा-सात हजार वाचले.

तिसरी, एसएमपीएसवर कंजुषी नको. आपल्याकडची वीज कशी आहे हे मी तुम्हाला काय सांगू. कधी दिवा मिणमिणतो, कधी पंखा विमानासारखा फिरतो. पाच-सहाशेचा बिननावाचा एसएमपीएस अशा विजेत जातो आणि जाताना बोर्ड घेऊन जातो. म्हणून जुना ठेवला नाही, आणि यूपीएसला बॅटरी घातली. अर्थिंग तपासून घ्या. तिसऱ्या पिनला वायरच नाही अशी घरं आपल्याकडं कमी नाहीत.

चौथी, एसएसडी. जुना कॉम्प्युटर बदलणं अगदीच शक्य नसेल तर निदान हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका आणि रॅम वाढवा. निम्म्या घरांचं दुखणं तेवढ्यानंच जातं.

जोडणी मुलीनं आणि मी घरीच केली, तीन तासांत. मदरबोर्डची खाच आणि प्रोसेसरची खूण जुळवायची, जोर लावायचा नाही, मधूनमधून कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची. पॉवर बटनाच्या बारक्या वायरी तेवढ्या डोकं खातात. बाकी शिलाई मशीनला तेल-पाणी करणाऱ्या माणसाला अवघड जाईल असं यात काही नाही.

विंडोजचं काय? अधिकृत विकत घ्यायची तर जवळपास प्रोसेसरएवढीच किंमत. आणि दुकानात "टाकून देतो की सर, तीनशे द्या" म्हणून जी टाकतात ती चोरीची. तिच्यात काय काय लपवलेलं असतं ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. आम्ही लिनक्स मिंट टाकली. फुकट आहे, कायदेशीर आहे, आताची आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे. मराठी टाईप होतं, लिबर ऑफिसवर पत्र-तक्ते-सादरीकरण होतं. एखादं खास सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही हे खरं आहे, ज्याला लागतं त्यानं विकत घ्यावी. पण दहावी-बारावीच्या घराला बहुतेक वेळा लागत नाही.

▪️ पंचवीस हजारांतले चार हजार कुणाचे?

या २५,८०० मध्ये १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ३,९०० रुपयांच्या वर कर. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. वह्या, पेन्सिली, खोडरबर शून्यावर आले. चांगलं झालं, स्वागत आहे. एसी २८ वरून १८ वर आला. तेही बरं. पण कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भाग होते तिथंच, १८ वर. म्हणजे घर गार करायचं यंत्र आणि लेकराच्या अभ्यासाचं यंत्र आता एकाच रांगेत. एकीकडं सरकार म्हणतं परीक्षा कॉम्प्युटरवर द्या, अर्ज कॉम्प्युटरवर भरा. मग ज्या वस्तूवाचून सरकारी दार उघडतच नाही, त्या वस्तूवर चैनीच्या वस्तूएवढा कर कसा? सगळ्या मशीनवर नको म्हणाल, तर एका ठरावीक किमतीपर्यंतच्या घरगुती कॉम्प्युटरवर आणि सुट्या भागांवर ५ टक्के करा. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो. त्यानं हा विषय तिथं मांडावा, एवढी अपेक्षा फार नाही.

आणि ही घाई का, तेही सांगतो. आम्ही ३,२०० ला घेतलेली ८ जीबी रॅम दोन महिन्यांनी एका मित्रासाठी विचारली तर दुपटीच्या आसपास सांगितली. दुकानदार लुटतोय असं नाही. जगात मेमरी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं उभी राहतायत आणि ती मेमरी गिळतायत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर जाहीरच केलं की 'क्रुशियल' नावानं घरगुती ग्राहकांना विकायचा धंदा आम्ही बंद करतोय. मोठ्या गिऱ्हाइकाला माल पुरत नाही, छोट्याला कोण विचारतो? अमेरिकेतल्या डेटा सेंटरची भूक आणि धाराशिवच्या पोराची रॅम यांचा असा संबंध आहे. भाषणात "एआय शिका" म्हणायचं, आणि त्याच एआयमुळं ज्या यंत्रावर शिकायचं ते हाताबाहेर जायचं, अशी ही गंमत आहे.

▪️ ज्यांना पाच क्विंटलही झेपत नाहीत त्यांचं काय?

इथं खरी गोष्ट सुरू होते. माझं घर पगारावर चालतं, आम्ही कसंबसं केलं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परंड्यात, भूममध्ये पाण्यानं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पीक गेलं, माती गेली, जनावरं गेली. त्या घराला मी कुठल्या तोंडानं सांगू की पंचवीस हजारांचा कॉम्प्युटर जोडा?

त्या घरासाठी माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते सरकारकडं आहे.

मघाशी म्हटलं ते आठवा. विंडोज १० संपली, म्हणून चांगली चालणारी मशीन कागदोपत्री म्हातारी झाली. ही मशीन सगळ्यात जास्त कुठं असतात? कार्यालयांत. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, आठ तहसील, पंचायत समित्या, नगरपालिका, बँकांच्या शाखा, कॉलेजं. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत यातली कितीतरी मशीन बदलली जाणार. जुन्यांचं काय होतं? 'निर्लेखन'. हा सरकारी शब्द. वस्तू नोंदवहीतून कमी करायची. मग ती एखाद्या खोलीत टाकायची, वर फायली रचायच्या, आणि चार-पाच वर्षांनी लिलावात किलोच्या भावानं विकायची. तोपर्यंत तिच्यात खरंच काही राहिलेलं नसतं.

सहा-आठ वर्षांपूर्वीचा कार्यालयातला आय-३ किंवा आय-५ कॉम्प्युटर म्हणजे भंगार नाही हो. त्यात दोन-तीन हजारांची एसएसडी टाका, लिनक्स टाका, तो आणखी पाच-सहा वर्षं लेकराचा अभ्यास ओढतो. फेकला तर काय होतं? जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला तो जेमतेम २२.३ टक्के. उरलेला कुठंतरी उघड्यावर, कुणीतरी वायरी जाळून तांबं काढताना. त्या धुरात शिसं असतं, आणि तिथंही लहान लेकरंच बसलेली असतात.

"नियमात बसत नाही" असं उत्तर येईल म्हणून आधीच सांगतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्याला, म्हणजे रिफर्बिशरला, नोंदणीसह स्पष्ट जागा दिलेली आहे. म्हणजे वापरलेलं मशीन थेट तोडायलाच पाठवा असं कायदा म्हणत नाही. दुरुस्तीचा रस्ता कायद्यात आहे, त्यावर चालणारे पाय पाहिजेत.

"माहिती गळेल" अशी दुसरी शंका येईल. रास्त आहे. त्यावर साधा उपाय आहे, जुनी डिस्क कार्यालयातच काढून नष्ट करायची. मशीन बाहेर जाईल ते बिनडिस्कचं. तसंही त्यात नवी एसएसडीच टाकायची आहे.

"दुरुस्ती करणार कोण?" ही तिसरी. आपल्या जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहेत. आयटीआयमध्ये 'कोपा' नावाचा कॉम्प्युटरचा ट्रेड आहे, त्यातली पोरं वर्षभर शिकतात. त्यांच्या हातात वर्षाला शे-दोनशे खरी बंद पडलेली मशीन द्या. पुस्तकात वाचून जे येत नाही ते हातानं येईल. दुरुस्त मशीन लेकराच्या घरी, आणि दुरुस्ती शिकलेलं पोरगं आपल्याच तालुक्यात दुकान टाकायला मोकळं. दोन कामं एका खर्चात.

"असं कुठं झालंय का?" केरळकडं बघा. तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात. 'काइट' नावाची त्यांची संस्था स्वतःची लिनक्स तयार करते. २०१८ पासून हायस्कुलांत 'लिटल काइट्स' नावाचे पोरांचे गट आहेत, ती पोरंच शाळेतलं हार्डवेअर, ॲनिमेशन, प्रोग्रॅमिंग शिकतात आणि शिकवतात. तमिळनाडूनं तर २०११ पासून लॅपटॉपच वाटले. आपल्याला तेवढं नाही जमलं तरी जुनं दुरुस्त करून देणं तरी जमायला काय हरकत आहे? निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आपलं नाव २०१८ पासून आहे. महाराष्ट्रातले चार जिल्हे त्यात होते, नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि आपण. आकांक्षित म्हणजे मागास हे कळायला शब्दकोश लागत नाही. मग त्या नावाचा उपयोग तरी होऊ द्या.

म्हणून मागणी अगदी नेमकी ठेवतो:

१) जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी कार्यालयांत निर्लेखनाला आलेल्या कॉम्प्युटरची एक यादी जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करावी. किती, कधीचे, कुठं पडलेत.

२) डिस्क काढून ती मशीन नोंदणीकृत दुरुस्ती केंद्रामार्फत, तंत्रनिकेतन आणि आयटीआयच्या मदतीनं चालू करावीत. एसएसडीचा खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करावा. हजार मशीनला दोन-तीन हजारांनी वीस-तीस लाख होतात. एका जोडरस्त्याच्या डागडुजीएवढा पैसा नाही हा.

३) पहिला हक्क गावाच्या अभ्यासिकेला आणि सार्वजनिक वाचनालयाला, कारण तिथलं एक मशीन वीस लेकरं वापरतात. मग ज्यांच्या घरात दहावी-बारावीचं लेकरू आहे आणि पिकाचं नुकसान झालंय, त्यांना.

४) प्रत्येक तालुक्याला महिन्यातून दोन रविवार कॉम्प्युटरवरच्या परीक्षेचा मोफत सराव. शाळांच्या प्रयोगशाळा रविवारी कुलूपबंदच असतात. किल्ली कुणाकडं आहे एवढाच प्रश्न आहे.

▪️ शेवटी आपल्यासाठी

सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. आपल्याकडच्या लग्नात आहेराच्या भांड्यांवर, मंडपावर, डीजेवर किती जातात ते मी सांगायला नको. एका डीजेच्या रात्रीत एक कॉम्प्युटर होतो. गावातले दहा जण मिळून वाचनालयाला एक मशीन देऊ शकतात. गणेश मंडळं देऊ शकतात. माजी विद्यार्थी पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत, त्यांच्या कंपन्याही जुनी मशीन काढतच असतात, त्यांना विचारा.

"लेकरं गेम खेळतील" ही भीती असलेल्यांना एवढंच सांगतो. गेम ती आताही खेळतायत, मोबाईलवर, पांघरुणात, एकटी. कॉम्प्युटर ओसरीत ठेवा, पडदा दाराकडं करून. येता-जाता दिसतो. मोबाईलपेक्षा तो घरच्यांच्या नजरेत जास्त राहतो.

आमच्या जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड, प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम उरली होती. दुरुस्तीवाल्या ओळखीच्या पोरानं त्याच्याकडचं एक रिकामं कॅबिनेट आणि एसएमपीएस दिला, आणखी दोन जीबी रॅम टाकली, एक छोटी एसएसडी टाकली. हलकी लिनक्स त्यावर चालते. आता ते मशीन गावाकडं पुतण्याकडं आहे, टायपिंगच्या सरावाला. २०१२ चा बोर्ड २०२६ मध्ये मराठी टायपिंग शिकवतोय. ज्याला 'कालबाह्य' म्हणतात त्याची ही अवस्था असेल, तर कपाटांमागं पडलेल्या कितीतरी नव्या मशीनमध्ये काय दम असेल याचा अंदाज करा.

तुमच्या कार्यालयात, शाळेत, बँकेत अशी खोली असेल तर साहेबांना एकदा विचारा, यातली किती चालू होतील? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, पण आधी तोंडी विचारून बघा. बऱ्याच वेळा कुणी विचारलेलंच नसतं, म्हणून काम अडलेलं असतं.

आणि घरी जोडायचा असेल तर मोकळेपणानं विचारा. बिल कसं घ्यायचं, वॉरंटीसाठी प्रत्येक भागाचा नंबर बिलावर कसा लिहून घ्यायचा, सोलापूरला गेल्यावर काय बघायचं, जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगेन. पैसे लागत नाहीत, चहा पाजला तर नाही म्हणणार नाही.